पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा दर दोन ट्रॅक डेला खलास होतोय? रुंद टायर घ्यायच्या आधी हे तपासा

गेल्या दोन-तीन महिन्यांत चार वेगवेगळ्या लोकांनी मला जवळजवळ एकच फोटो पाठवलाय. पुढचा टायर, आतली अर्धी बाजू नवी कोरी, खाचा शाबूत, आणि बाहेरचा दोन बोटं रुंदीचा पट्टा, म्हणजे खांदा, पार खाल्लेला, एकाच्या तर तारा दिसायला लागलेल्या. फोटोखाली प्रश्नही तोच, दादा आता २४५ मिमी रुंदीचा घेऊ की सरळ २५५ वर जाऊ? प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो, कारण याच एका गोष्टीत माझा दीड सीझन आणि टायरचे तीन सेट गेलेत, दर वेळी वाटायचं की आता सापडलं बुवा, आणि दोन ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेसट्रॅकवर पळवायचे दिवस) झाले की परत तोच खांदा तसाच.

उत्तर आधीच सांगतो: दोष रुंदीत नाही, कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या झुकावात आहे. पण नुसतं "कॅम्बर वाढव" सांगून भागत नाही, कारण तो तुम्ही कुठून वाढवताय, वाढवल्यावर टायरला आतल्या बाजूला जागा किती उरते, आणि वाढवलेला कॅम्बर जागेवर टिकतो का, या तिन्ही ठिकाणी काम फसू शकतं. माझं तिन्ही ठिकाणी फसलं, म्हणून प्रॉब्लेम जातोय जातोय म्हणता परत यायचा.

गाडी आधी सांगतो म्हणजे आकडे कळतील. टोयोटा जीआर ८६, २०२२ ची, मॅन्युअल, २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, अमेरिकेतली २२८ हॉर्सपॉवरवाली, वजन पावणेतेराशे किलोच्या आसपास. कंपनीतून १८ इंची रिमवर २१५/४० चे टायर येतात (रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ४० टक्के), रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट ४८ (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा). पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात, तोच खांब चाकही धरतो), मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म). सुबारूची बीआरझेड म्हणजे हीच गाडी, फक्त स्प्रिंग आणि सेटिंग वेगळं, त्यामुळे त्यांनाही हे सगळं लागू. आणि खरं सांगायचं तर पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेली कुठलीही गाडी घ्या, पोलो घ्या, बीएमडब्ल्यूची जुनी थ्री सिरीज घ्या, दुखणं थोड्याफार फरकाने हेच असतं.

मी कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो, जास्त करून विलोजच्या थंडरहिलला जातो, कधीमधी लगुना सेका. हे सांगायचं कारण आहे. दोन्ही ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे डावी वळणं जास्त, म्हणजे मार खातो तो पुढचा उजवा टायर. थंडरहिलचं दुसरं वळण म्हणजे एक लांबच लांब डावं, संपतच नाही, त्यात तुम्ही स्टिअरिंग धरून नुसते बसलेले असता आणि सगळं वजन त्या एका खांद्यावर पडलेलं असतं. ज्याने दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवरून फोटो पाठवला त्याचा डावा टायर गेलेला, कारण तो ट्रॅक घड्याळाच्या दिशेने जातो आणि तिथलं दहावं-अकरावं मिळून होणारं लांब उजवं वळण हेच काम डाव्या बाजूला करतं. तेव्हा आधी बघा, तुमचा कुठला टायर जातोय आणि तुमच्या ट्रॅकवर कुठल्या हाताची वळणं जास्त आहेत. हे जुळत असेल तर पुढे वाचा. जुळत नसेल, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेच्या ट्रॅकवर डावा पुढचा जात असेल, तर मामला वेगळा आहे, काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय, आधी ते शोधा.

दुसरी खूण हाताने बघायची. टायर थंड झाल्यावर तळवा ट्रेडवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. दोन्ही दिशांनी सारखं गुळगुळीत लागलं आणि झीज फक्त बाहेरच्या कडेला असली तर कॅम्बर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं समोर एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून लांब बघतायत आणि टायर सरळ रस्त्यावर पण घासत चाललाय. कित्येकदा दोन्ही असतं. माझ्या पहिल्या सेटला दोन्ही होतं आणि मी फक्त डोळ्याने बघितलं, हात लावलाच नाही.

आता हे होतं का, ते एकदा समजून घेतलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे जातात. कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला का बाहेर. आत झुकलेला म्हणजे निगेटिव्ह. जीआर ८६ ला कंपनीकडून पुढे तो जवळपास शून्य येतो. आता गाडी वळणात गेली, बॉडी बाहेरच्या बाजूला कलली, समजा तीन अंश. बॉडी कलली की चाकही तिच्याबरोबर कलतं, आणि सस्पेन्शन दबताना जो थोडा निगेटिव्ह कॅम्बर आपणहून परत देतं तो मॅकफर्सन स्ट्रटमध्ये फार कमी असतो, समजा एक अंश दिला. म्हणजे उरले दोन अंश पॉझिटिव्ह, चाक बाहेरच्या कडेवर उभं. आता तुम्ही २१५ लावा, २४५ लावा, २५५ लावा, जमिनीवर टेकणार ती कडाच, आतला रुंद भाग जवळजवळ हवेतच, म्हणून तर तो नवा कोरा राहतो. तुम्ही पैसे दिलेत पूर्ण टायरचे आणि वापरताय एक तृतीयांश.

माझा पहिला सेट कंपनीचे २१५, ते गेले याचं काही वाटलं नाही, रस्त्याचे टायर होते, जाणारच. मग मी तेच केलं जे सगळे करतात. १७ इंची, ९ इंच रुंद रिम घेतली, ऑफसेट ४२, त्यावर २४५/४० आर १७, ट्रेडवेअर २०० वाले. (हा ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतः जाहीर करते, कमी म्हणजे रबर मऊ आणि पकड जास्त, पण एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० सारखे असतात असं समजू नका.) अलाइनमेंटला, म्हणजे चाकांच्या कोनांना, हात लावला नाही. पहिल्या सेशनला गाडी इतकी चिकटून गेली की वाटलं झालं काम, आणि दुसऱ्या ट्रॅक डेच्या संध्याकाळी उजवा खांदा पार बसलेला, आधीच्यापेक्षा लवकर.

याचं कारण मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, नंतर माझं मलाच उमगलं. पकड वाढली की वळणात वेग वाढतो, वेग वाढला की गाडी जास्त कलते, जास्त कलली की कॅम्बर अजून जातो. म्हणजे सस्पेन्शन तसंच ठेवून मऊ टायर लावले की खांद्याची अवस्था सुधारत नाही, बिघडते. टायर बदलायला माझी ना नाही, टायर ही गाडीतली सगळ्यात मोठी सुधारणा आहे, पण टायर आणि कॅम्बर एकाच दिवशी व्हायला पाहिजेत.

इथे साइजचं गणित सांगून टाकतो, कारण साइज पण महत्त्वाची आहेच. आधी व्यास. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉल दोनदा मिळवायची. कंपनीचा २१५/४० आर १८: ४५७ अधिक १७२, म्हणजे ६२९ मिमी. २४५/४० आर १७: ४३२ अधिक १९६, म्हणजे ६२८. जवळजवळ तोच, स्पीडोमीटर आणि गिअरिंग जागच्या जागी. २४५/३५ आर १८ पण ६२९ होतो. २२५/४० आर १८ घेतला तर ६३७, म्हणजे सव्वा टक्का मोठा, चालतो, पण गिअर किंचित लांब होतात आणि गाडी तीन-चार मिमी उंच बसते. मी १७ इंची घेतली कारण टायर स्वस्त पडतात, रिम हलकी येते आणि कंपनीच्या ब्रेकवर १७ इंची बसते.

मग रिमची रुंदी. २४५ चा टायर साडेसात इंची कंपनीच्या रिमवर चढवू नका. टायरवाला हो म्हणेल तरी नको. टायरची कडा आत ओढली जाते, मधला भाग फुगतो, साइडवॉल तिरकी उभी राहते आणि वळणात टायर लोळतो. साडेसात इंचावर २२५ पर्यंत ठीक. २४५ ला साडेआठ-नऊ पाहिजे. माझ्या मते चांगल्या रिमवर ताणून बसलेला २२५, अरुंद रिमवर कोंबलेल्या २४५ पेक्षा ट्रॅकवर केव्हाही बरा.

आणि ऑफसेट, जिथे माझी पुढची चूक शिजत होती. कंपनीची रिम साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिमी, निम्मी ९५, त्यात ऑफसेट ४८, म्हणजे हबच्या माउंटिंग फेसपासून आत १४३ मिमी जाते. माझी नवी ९ इंची, निम्मी ११४, अधिक ४२, म्हणजे १५६. तेरा मिमी आत सरकली, स्ट्रटच्या दिशेने. बाहेरच्या बाजूला पंचवीस मिमी. हे गणित कागदावर दोन मिनिटांचं आहे, मी केलं पण होतं, आणि नुसती रिम लावली तेव्हा आत जागा होती, बोट जात होतं. पण पुढे मी कॅम्बर बोल्ट लावले.

कॅम्बर बोल्ट म्हणजे स्ट्रट जिथे खाली नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी जोडलेला असतो, तिथला वरचा बोल्ट काढून बारीक किंवा एक्सेंट्रिक बोल्ट घालायचा, म्हणजे त्या जोडात थोडा खेळ मिळतो आणि चाकाचा वरचा भाग आत ढकलता येतो. स्वस्त आहे, संध्याकाळी घरच्या घरी होतं, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. मी पण. तोपर्यंत खांदा गेलेल्या पहिल्या २४५ च्या जागी दुसरे आणलेले, म्हणजे एकूण तिसरा सेट. बोल्ट लावून गाडी अलाइनमेंटला दिली, तिथल्या माणसाने कागद हातात ठेवला, सगळे आकडे हिरवे, म्हणे एकदम परफेक्ट. मी कागद नीट वाचलाच नाही. घरी येऊन बघतो तर डावीकडे उणे १.८, उजवीकडे उणे १.१, आणि जो टायर मरतोय तो उजवाच. हिरवं म्हणजे मशीनमध्ये भरलेल्या मर्यादेत, एवढाच त्याचा अर्थ. ट्रॅकसाठी अलाइनमेंट करताना तुम्ही स्वतःचे आकडे कागदावर लिहून न्या, प्रत्येक चाकाचा वेगळा, आणि तुम्ही सीटवर बसलेले असताना किंवा तुमच्या वजनाची पोती सीटवर ठेवून मोजायला सांगा, टाकी अर्धी ठेवा. परत गेलो, दोन्ही बाजू १.८ करून घेतल्या.

आणि मग ट्रॅकवर उजव्या वळणात एक बारीक खर्र असा आवाज, डाव्या चाकातून. सेशन संपल्यावर चाक काढलं तर टायरच्या आतल्या साइडवॉलवर गोल चकचकीत कडं उमटलेलं आणि स्ट्रटच्या नळीवर काळं रबर. बोल्टने कॅम्बर दिला की चाक स्ट्रटच्या तुलनेत तिरकं होतं, म्हणजे टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या जवळ येतो, माझ्याकडे साधारण चार-पाच मिमी. रिम आधीच तेरा मिमी आत गेलेली. वळणात बाजूच्या दाबाने टायर अजून थोडा सरकतो. उरलेली जागा संपली.

हीच ती जागा जिथे बहुतेक जण टायरला दोष देतात आणि परत २२५ वर जातात. करायचं काय ते सांगतो. कॅम्बर बोल्टनेच देणार असाल तर ऑफसेट कमी घ्या किंवा पातळ स्पेसर लावा, पण स्पेसर लावल्यावर नट किती फेरे धरतोय ते मोजा, कमी धरत असेल तर लांब स्टड घालून घ्या, यात तडजोड नको. किंवा कॅम्बर प्लेट घ्या. प्लेट वर असते, स्ट्रट बॉडीला जिथे टेकतो तिथे, तिने अख्खा स्ट्रट आत झुकतो आणि चाक त्याच्याबरोबर झुकतं, त्यामुळे टायर आणि स्ट्रट यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. हा फरक मला आधी माहीत असता तर एक सेट वाचला असता.

बोल्टचं दुसरं दुखणं अजून वाईट, कारण ते आवाज करत नाही. ते सरकतात. सगळ्यांचे सरकतात असं नाही, पण कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) जोरात चाक गेलं किंवा टॉर्क कमी बसला की तो जोड निसटतो आणि कॅम्बर हळूहळू परत शून्याकडे जातो. मला वाटत होतं उणे १.८ वर चालवतोय आणि तरी उजवा खांदा जातोय, म्हणजे कॅम्बरचा काही उपयोग नाही. त्या निराशेत एक दिवस नुसतं मोजून बघितलं, उजवा उणे ०.९. अर्धा गेलेला. तेव्हापासून माझा नियम आहे, कुठलाही बोल्ट घट्ट केला की पेंट मार्करने बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर एक सरळ पांढरी रेघ ओढायची. दर सेशननंतर चाकाच्या मागे टॉर्च मारून बघायची, रेघ तुटलेली दिसली की सरकलाय. मोजायला महागडं काही लागत नाही, सपाट जमीन, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकणारी सरळ पट्टी, त्यावर डिजिटल अँगल गेज. जमीन सपाट आहे का ते आधी बघा, गॅरेजची फरशी पाण्यासाठी उताराची असते आणि तो उतार तुमच्या आकड्यात मिसळतो.

आता सध्या जे चालू आहे ते. पुढे कॅम्बर प्लेट, दोन्ही बाजूंना उणे ३.०, टो शून्य. मागे कंपनीच्या गाडीत कॅम्बर बदलता येत नाही, फक्त टो बदलतो, त्यामुळे ॲडजस्टेबल खालचे आर्म घातले, उणे २.०, आणि दोन्ही चाकं मिळून दीड मिमी टो-इन (चाकं समोर किंचित एकमेकांकडे). मागचं हे लगेच करायची गरज नाही, पण पुढची पकड एवढी वाढली की गाडीचा तोल बदलतो, आधी जी नाक बाहेर काढत होती (हवी तेवढी न वळता सरळ जात होती) ती आता ब्रेक सोडताना मागून हलकी वाटायला लागते, आणि त्याला बिचकून लोक पुढचा कॅम्बर परत कमी करतात. तसं करू नका. मागे किंचित टो-इन आणि जमेल तेव्हा कॅम्बर द्या. आणि एक, कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो, थोडाथोडका नाही, चांगला बदलतो. कॅम्बर वाढवून तसंच महामार्गावर दोनशे मैल चालवलं तर खांद्याऐवजी आतली कडा जाईल आणि मग म्हणाल जास्त कॅम्बरने टायर खाल्ला. बहुतेक वेळा तो टोने खाल्लेला असतो.

किती अंश हवेत हे मला विचारू नका, टायरला विचारा. सुई टोचायचा पायरोमीटर घ्या, एका टायरच्या किमतीच्या आसपास येतो. इन्फ्रारेडवाला नको, तो फक्त वरची कातडी बघतो आणि ती पिटलेनमध्ये येईपर्यंत थंड झालेली असते. जोरात लॅप मारून कूलडाउन न करता सरळ पिटमध्ये या (आयोजकांना आधी विचारून), आणि पहिल्या मिनिटात मोजा, सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या टायरपासून सुरू करा, बाहेर, मध्ये, आत, तीन ठिकाणी, रबरात सुई दोन-तीन मिमी घालून. माझा उजवा पुढचा कॅम्बर न देता बाहेर ९८, मध्ये ८४, आत ६८ अंश सेल्सियस दाखवत होता. तीस अंशांचा फरक, आणि मी तेव्हा पण म्हणत होतो टायर कमी पडतोय. आता उणे ३ वर बाहेर ७९, मध्ये ८३, आत ८८. आतली बाजू पाच-दहा अंश जास्त असलेली चांगली, कारण सरळ रस्त्यावर आणि ब्रेकिंगमध्ये ती जास्त घासते. बाहेरची जास्त तर कॅम्बर कमी पडतोय. आतली पंधरा-वीसने जास्त तर जास्त झालाय, अर्धा अंश कमी करा.

मधला आकडा हवेचा. मध्ये दोन्ही कडांच्या सरासरीपेक्षा बराच जास्त तर हवा जास्त, बराच कमी तर हवा कमी. हवा नेहमी गरम असताना बघायची, थंड आकडा नुसता सुरुवातीचा अंदाज. सकाळी १५ अंशात २८ पीएसआय भरली आणि आतली हवा ५५ अंशांना गेली की ती साधारण ३४ होते, हे भौतिकशास्त्र आहे, टायर कुठलाही असो. २०० ट्रेडवेअरच्या टायरना गरम ३२ ते ३५ च्या आसपास ठेवून मी सुरुवात करतो. थंडरहिलला उन्हाळ्यात दुपारी चाळीसच्या आसपास तापमान जातं, सकाळी बरोबर असलेली हवा दुपारी पाच-सहा पीएसआय जास्त होते, आणि लोक म्हणतात टायर तापून गेले. गेले नाहीत, हवा सोडा. पण संध्याकाळी घरी निघायच्या आधी परत भरा, सोडलेल्या हवेवर हायवेला लागू नका.

पायरोमीटर नसेल तर बुटाचं पांढरं पॉलिश. ट्रेडच्या कडेवरून साइडवॉलवर खाली, चार ठिकाणी, बोटभर लांबीच्या रेघा मारा. एक सेशन करून या आणि रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. बऱ्याच टायरवर साइडवॉलला कडेजवळ छोटा त्रिकोण असतो, त्याच्या टोकापर्यंत पुसली असेल तर ठीक, त्याच्याही खाली गेली असेल तर टायर साइडवॉलवर चालतोय, हवा आणि कॅम्बर दोन्ही बघा.

आता सस्पेन्शनचं, कारण काही जण कॅम्बर देऊन पण अडकतात. गाडी खाली घेतली की चांगली वळते हा समज अर्धा खरा आहे. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये खालचा आर्म ढोबळमानाने बाहेरच्या टोकाला किंचित खाली असावा लागतो, तेव्हा सस्पेन्शन दबताना थोडा कॅम्बर मिळतो. गाडी इतकी खाली घेतली की आर्म आडवा किंवा उलटा झाला, तर दबताना कॅम्बर मिळायच्या ऐवजी जातो, शिवाय गाडीचं वजनकेंद्र जितकं खाली येतं त्यापेक्षा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो) जास्त खाली जातं आणि गाडी जास्तच कलायला बघते. मी वीस मिमी खाली आहे, तेवढ्यावरच थांबलोय. दिसायला अजून खाली छान दिसते हे मान्य, पण हा खांद्याचा प्रॉब्लेम सोडवायचा असेल तर तिथे थांबा.

आणि बंपस्टॉप. खाली घेतलेल्या गाडीचा शॉक मध्येच रबरी स्टॉपवर बसला की त्या क्षणी पुढची बाजू दगडासारखी होते आणि वळणाच्या मधोमध नाक अचानक बाहेर सुटतं. बघायची पद्धत सोपी, शॉकच्या रॉडला साधा प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि तो खाली शॉकच्या बॉडीला टेकवून ठेवा. सेशननंतर तो रॉडवर किती वर सरकलाय तेवढा प्रवास झाला. तो स्टॉपपर्यंत जाऊन चेपला असेल तर स्प्रिंग मऊ आहेत किंवा गाडी फार खाली आहे. माझा चेपला होता, दोन्ही बाजूंना, आणि मी तोपर्यंत डॅम्परची बटणं फिरवत बसलो होतो.

पुढचा अँटिरोल बार (दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारा, गाडीचं कलणं रोखणारा दांडा) जाड केला तर नाक अजून बाहेर जाईल असं सगळे सांगतात, नियम म्हणून बरोबर, पण कमी कॅम्बरच्या स्ट्रट गाडीत जाड बार कधी कधी उलटा फायदा देतो, कारण गाडी कमी कलते आणि टायर जास्त सपाट राहतो. तरी मी आधी कॅम्बर, मग स्प्रिंग, मग बार याच क्रमाने जाईन, आणि एका वेळी एकच बदल, त्याची नोंद वहीत. दोन बदल एकत्र केले की कुठल्याने काय झालं ते कळतच नाही.

बुद्धवरून फोटो पाठवणारा पुण्याचा आहे, गाडी पोलो टीएसआय, १९५/५५ आर १६. त्याच्यासाठी आणि तसल्या फ्रंट ड्राइव्ह गाड्यांसाठी थोडं वेगळं. पुढचे दोनच टायर ब्रेकही मारतात, वळवतातही आणि ओढतातही, त्यामुळे खांद्याला अजून लवकर मार बसतो. ॲक्सिलरेटर वळणात लवकर दाबायची सवय आधी सोडायची, ते फुकट आहे. कंपनीकडून पुढे कॅम्बर बदलायची नीट सोय नाही, त्यामुळे प्लेट शोधावी लागेल, आणि रोज ऑफिसला तीच गाडी असेल तर उणे तीनच्या मागे लागू नकोस, दोनच्या आसपास थांब आणि टो बरोबर ठेव. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा तुकडा) आहे, तिथे फार काही करता येत नाही, मागची हवा दोन पीएसआय वाढवून गाडी थोडी जास्त वळते का ते करून बघ. २०५ घालायचा असेल तर २०५/५० आर १६, तो मूळ टायरपेक्षा जेमतेम दीड टक्का लहान होतो, पण मी सांगेन आधी जे आहेत त्यावरच कॅम्बर करून एक दिवस चालव.

तारा दिसायला लागलेल्या टायरवर एकही लॅप मारू नका, आणि त्यावर घरीही जाऊ नका. तो एक फोटो ज्याने पाठवला त्याने त्यावर नव्वद मैल चालवलं होतं. ट्रेलर मागवा, मित्राकडून चाक मागा, काहीही करा.

माझा आत्ताचा सेट सहाव्या ट्रॅक डेला आहे. उजव्या पुढच्या टायरवर बाहेरच्या खाचेत आणि आतल्या खाचेत जेमतेम अर्ध्या मिमीचा फरक आहे, मागच्या रविवारी मोजला. ज्यांना स्वतःचे आकडे दाखवायचेत त्यांनी गाडी, रिमची रुंदी आणि ऑफसेट, चारही चाकांचा कॅम्बर आणि टो, गरम हवा आणि तीन ठिकाणचं तापमान एवढं पाठवा, आणि खांद्याचा फोटो बाजूने नाही तर समोरून काढा, गाडी जागेवर उभी असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून.